विठाबाईंचा वारसा : गौरव नव्हे, हक्क

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या महापंगतीत हजारो माणसे बसतात. जेवणारा कोणाचा मिंधा नसतो. श्रमणाऱ्या कलावंताच्या वाट्याला मात्र ही प्रतिष्ठा येत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे जीवन हेच सांगते. पंढरपूरला १९३५ साली जन्मलेल्या या दलित गायिका-नर्तकीने तमाशाचे फड गाजवले. १९५७ व १९९० साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. परंतु जानेवारी २००२ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचे थकलेले बिल देणग्यांतून भागवावे लागले. पुढे शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला.

हा दोष व्यक्तींचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. तमाशाची कमाई जत्रांच्या हंगामापुरती. एरवी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि फडमालक सावकाराकडून कर्ज. पदकाने हे चक्र तुटत नाही. तमाशा कलावंत हा कामगार आहे, हे प्रथम मान्य झाले पाहिजे. आजारपणाचा विमा आणि पुरेसे निवृत्तिवेतन त्याला हक्काने मिळावे. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगावच्या फडांपर्यंत नेली, तरच विठाबाईंचे स्मरण सार्थ ठरेल.