धाटे मलावीची, हिशेब रोमचा

मलावीत मक्याची काढणी एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होते आणि नोव्हेंबरात पाऊस येईपर्यंत शेते उघडी राहतात. या कोरड्या महिन्यांत ठिकठिकाणी धाटे पेटविली जातात. हा धूर पुढे आंतरराष्ट्रीय तक्त्यांतील एका रकान्यात जाऊन बसतो: पिकांच्या अवशेषांच्या ज्वलनापासून होणारे मिथेनचे उत्सर्जन. रकान्यातील आकडा मोठा नेमका दिसतो. तो सिद्ध कसा होतो हे पाहिले म्हणजे मात्र त्या नेमकेपणाचा भरवसा उरत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाची अन्न व कृषी संघटना रोममधून हा हिशेब मांडते. रीत सरळ आहे. देशात मक्याखाली क्षेत्र किती ते घ्यावयाचे; हेक्टरी सुमारे 1 टन कोरडी धाटे जळतात असे गृहीत धरावयाचे; आणि जळलेल्या प्रत्येक किलोमागे 2.7 ग्रॅम मिथेन धरावयाचा. हेक्टरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर मिथेन झाला. मलावीत मका साधारण 17 लाख हेक्टरांवर होतो. म्हणजे देशाच्या नावावर वर्षाला साडेचार हजार टनांच्या घरात मिथेन जमा होतो. या गणितात काडेपेटी कोठेच नाही. सारे शेत जाळणारा आणि एक धाटही न जाळणारा, दोघे तेथे सारखेच. उद्या सरकारने जाळण्यास बंदी केली व ती तंतोतंत पाळली गेली, तरी आकडा तसूभरही हलणार नाही. उलट मक्याच्या जागी तंबाखू लावला की तो निमूटपणे खाली येईल!

स्वतःची मोजणी नसलेल्या देशांसाठी हा ढोबळ अंदाज आहे हे संघटना लपवीत नाही. दोष रीतीचा नाही. अंदाजाला मोजमाप समजून त्यावर देशांची तुलना आणि धोरणांची उभारणी करणाऱ्यांचा आहे.

प्रमाणाचे भानही हवे. याच मार्गदर्शक पद्धतीनुसार आफ्रिकेतील एक गाय वर्षाला सुमारे 31 किलो मिथेन सोडते, म्हणजे अकरा हेक्टर मक्याच्या धाटांइतका. मलावीतील बहुसंख्य कुटुंबांची जमीन एक हेक्टरही भरत नाही. जगातील मानवनिर्मित मिथेनचे मोठे झरे म्हणजे गुरे, भातखाचरे, कोळसा, तेल व वायूच्या विहिरी आणि शहरांचा कचरा. जळालेल्या धाटांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तर हिशेबात धरतच नाहीत, कारण पुढचे पीक तो परत शोषून घेते.

तरीही धाटे जळणे ही क्षुल्लक बाब नव्हे. तिचे नुकसान आकाशापेक्षा जमिनीचे अधिक आहे. आगीत पालाश राखेत उरतो, नत्र मात्र बहुतांशी उडून जातो. आणि मलावीला नत्र फार महाग पडतो. देश भूवेष्टित असल्याने रासायनिक खत बैरा, नाकाला किंवा दार-एस-सलाम या परक्या बंदरांत उतरते आणि तेथून लांबची वाट काढून येते. 2005-06 पासून सरकार खतावर मोठे अनुदान देत आले. 2020 मध्ये योजनेचे नाव व स्वरूप बदलले, ओझे राहिले. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचा या चलनाचे 44 टक्के अवमूल्यन झाले, तेव्हा डॉलरने घ्यावयाच्या त्या खताचे काय झाले असेल ते निराळे सांगावयास नको.

मग शेतकरी जाळतो का? त्याला अडाणी ठरविणे सोपे आहे, पण ते खरे नाही. वाळलेल्या धाटांत कर्ब फार आणि नत्र थोडे. ती मातीत गाडली तर कुजविणारे जीवाणू आरंभी जमिनीतलाच नत्र ओढून घेतात व कोवळे पीक पिवळे पडते. त्यावर उपाय अधिक खत. तेच तर त्याच्यापाशी नसते. शिवाय सारे शेत हातातल्या कुदळीने तयार करावयाचे, म्हणून ते मोकळे असलेले बरे. धाटांत किडी दडून राहतात. शिवाय मलावीत शेतातले उंदीर आवडीने खाल्ले जातात, रस्त्याकडेला काड्यांना लावून विकले जातात, आणि आग लावली की ते पकडणे सोपे जाते. प्रथिनांचा तुटवडा असलेल्या घरात हा हिशेब मिथेनच्या हिशेबाहून निकडीचा असतो.

महाराष्ट्रात ज्वारीचा कडबा कोणी जाळीत नाही, कारण त्याला भाव आहे. उसाचे पाचट जाळले जाते, कारण त्याला तो नाही. मलावीत गुरे थोडी, म्हणून वैरणीचा बाजार नाही. शेजारच्या झांबियात दक्षिणेकडे गुरे पुष्कळ आहेत, पण तेथे काढणीनंतर शेत सर्वांच्या गुरांना मोकळे असते. 1990 नंतरच्या दशकापासून तेथे धाटे जमिनीवर पसरून ठेवण्याचा प्रचार चालू आहे. त्याला बेताचेच यश येण्याचे एक कारण हेच: एकाने राखलेले आच्छादन दुसऱ्याची जनावरे फस्त करतात. हा प्रश्न ज्ञानाचा नाही, मालकीहक्काचा आहे.

2021 मध्ये ग्लासगो येथे, 2030 पर्यंत मिथेन 2020 च्या पातळीहून 30 टक्क्यांनी घटविण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली. ऑगस्ट 2025 मध्ये तुर्कमेनिस्तानातील अवाझा येथे 32 भूवेष्टित विकसनशील देशांची परिषद भरली. हवामानासाठीच्या निधीचा ओघ जसा वाढेल तसा घट सिद्ध करण्याचा आग्रहही वाढेल. आणि ज्याचा आकडा पेरणीच्या क्षेत्राने ठरतो, त्याला खरी घट दाखविताच येणार नाही. उपग्रह मोठ्या आगी टिपतात. अर्ध्या एकरातली, तासाभरात विझणारी आग पुष्कळदा त्यांच्या नजरेतून निसटते.

मलावीचे कृषिखाते दर हंगामात तीन फेऱ्यांत पीक-अंदाजाची पाहणी करते. हंगामारंभीच्या फेरीत, गेल्या वर्षीची धाटे जाळली, गाडली की गुरांना घातली, एवढा एक प्रश्न घातला तर खर्च नगण्य येईल. अडचण एवढीच, की जाळणे गुन्हा ठरविण्याआधी तो विचारला पाहिजे. गुन्हा ठरल्यावर खरे उत्तर कोण देणार?