मुझफ्फरपूरच्या मुली आणि मालकांची पत्रकारिता

बिहारमधल्या मुझफ्फरपूर बालिकागृहाचा विषय निघाला की "मीडियाने प्रकरण उघडकीस आणले" असे छातीठोकपणे सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही.

अत्याचार उघडकीस आणले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने. या गटाने बिहारमधील ११० निवारागृहांचे सोशल ऑडिट केले, मुलींशी बोलून अहवाल लिहिला आणि तो सरकारला दिला. ३१ मे २०१८ रोजी गुन्हा दाखल झाला. तरीही दिल्लीचे मोठे चॅनेल जागे व्हायला जुलै उजाडला. काही स्थानिक पत्रकार आधीपासून पाठपुरावा करत होते, त्यांचे श्रेय त्यांनाच. पण बाकीचे गप्प का होते?

उत्तर त्या आवारातच सापडते. बालिकागृह चालवणारा ब्रजेश ठाकूर 'प्रातः कमल' या दैनिकाचा मालक होता. एकाच आवारात छापखाना आणि बालिकागृह! सरकारी अनुदानही त्याला, सरकारी जाहिरातीही त्याला. ज्याने सत्तेला प्रश्न विचारायचे तोच सत्तेचा ठेकेदार असेल, तर निराधार मुलींचा आवाज छापणार कोण?

मग टीआरपी दिसला आणि कॅमेरे धावले. मुलींच्या मुलाखती आणि त्यांचे धूसर केलेले चेहरे दाखवणे सर्वोच्च न्यायालयाला थांबवावे लागले. दुसरीकडे २३ ऑगस्ट २०१८ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने तपासाच्या बातम्यांवरच बंदी घातली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, हे योग्यच झाले. मुलीची ओळख झाकणे हा तिचा हक्क आहे. पण त्या आडून तपास झाकता येणार नाही. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने पत्रकार म्हणवून घेऊ नये.

फेब्रुवारी २०२० मध्ये ठाकूरला मरेपर्यंत जन्मठेप झाली आणि चॅनेलांसाठी विषय संपला. पण अहवालात गंभीर ताशेरे असलेली निवारागृहे एकूण १७ होती! त्या सर्वांचा तपास सीबीआयकडे गेला होता. उरलेल्या १६ ठिकाणांची नावे तरी किती प्रेक्षकांना माहीत आहेत?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊनही जाहिरात छापली नव्हती. मालकांची पत्रकारिता मुक्यांची बाजू मांडत नाही, हे आम्ही शंभर वर्षांपूर्वीच शिकलो आहोत. म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे : पीडित मुलीचा फोटो, व्हिडिओ, गावाचे नाव ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, पॉक्सो कायद्याने तो गुन्हा आहे. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यातली बालगृहे, आश्रमशाळा, वसतिगृहे यांच्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात मागा. शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या अधिकाऱ्याने सही केली, संस्था कोणाच्या मालकीची आहे, हे विचारा आणि मुलांची ओळख वगळून ते छापा. चॅनेलची वाट पाहू नका.

जय भीम!