वर्गातला तास परत द्या!

पालकहो,

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकदा भर वेळेत डोकावून या. दोन शिक्षक, चार इयत्ता. तिसरीतली पोरगी हातच्याच्या वजाबाकीत अडली आहे, वही घेऊन बाईंच्या टेबलाशी उभी आहे. बाईंची नजर मोबाइलवर. आज पोषण आहार किती मुलांनी घेतला, ते अ‍ॅपवर भरायचे आहे आणि रेंज नाही. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज येतो: ‘अत्यंत तातडीचे. लिंक आजच भरावी.’ पोरगी जागेवर जाऊन बसते. वजाबाकी राहून जाते.

दोष बाईंचा नाही. तंत्रज्ञान कशासाठी शाळेत आणले, त्याचा आहे.

तंत्रज्ञानाने शिकवायचे कसे, हे महाराष्ट्राला बाहेरून कुणी सांगायला नको. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते कोड आले आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली तीही शिक्षकाच्या पुढाकाराने. गावोगावी लोकांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतले, ते मुलांसाठी.

आणि वरून काय आले? २०१५ पासून शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरायचे ‘सरल’ पोर्टल, मग यूडायस प्लस, पोषण आहाराचे अ‍ॅप, प्रत्येक उपक्रमाचे फोटो अपलोड. यातले किती मुलाला शिकवते? सगळी मोजदाद! तीही धड नाही. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी आधार जुळलेली मुले धरायची. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, की रोज वर्गात बसणारे मूल पोर्टलच्या लेखी नाहीच. अशी चार-पाच मुले गळाली की लहान शाळेतले शिक्षकाचे पद धोक्यात. समोर मूल बसले आहे, हजेरीपटावर त्याचे नाव आहे, आणि ते नाही असे यंत्र म्हणते म्हणून सरकारही म्हणणार? आम्हाला हे मान्य नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. अधिकारी म्हणतील, माहिती भरणे हे शाळेचेच काम. असू द्या. मग त्यासाठी केंद्रावर माणूस नेमा. मुलांचा तास त्यात का घालवता?

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य आपण पालक आहोत. तिथे नुसती सही करून उठू नका. येत्या सभेत ठराव मांडा: शाळेच्या वेळेत शिक्षकाने एकही लिंक भरायची नाही, आधार जुळो न जुळो, पटावरचे प्रत्येक मूल मोजायचे, कपाटात कुलूपबंद पडलेले टॅब मुलांच्या हाती द्यायचे, टॅब-प्रोजेक्टर चालावेत म्हणून शाळेचे वीजबिल शासनाने वेळेवर भरायचे.

ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

आपलेच,
गावातले पालक