लुसिया कोणाची?

डिसेंबर लागला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तोच मेसेज फिरू लागतो: नाताळच्या शुभेच्छा देणं जायज की नाजायज? ज्या सणावर फैसला सुनवायचा तो आला कुठून, याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही. म्हणून आज नाताळच्या आधी येणाऱ्या, 13 डिसेंबरच्या सेंट लुसिया दिवसाबद्दल. स्वीडनमध्ये तो घरोघरी, शाळाशाळांत होतो, आणि ‘शुद्ध परंपरा’ ही काय चीज असते हे त्यातून छान कळतं.

लुसिया स्वीडनची नव्हेच. ती सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातली. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, परंपरेनुसार इ.स. 304 मध्ये, श्रद्धेपायी तिचा जीव घेतला गेला. हुंड्याचा पैसा तिने गोरगरिबांत वाटला होता, असं कथा सांगते. लपून बसलेल्या ख्रिश्चनांना अन्न पोहोचवताना हात मोकळे राहावेत म्हणून ती डोक्यावर मेणबत्त्या बांधायची, अशीही आख्यायिका आहे. (हेच सिराक्यूज 878 मध्ये मुस्लिमांनी जिंकलं, पुढे सुमारे दोनशे वर्षं सिसिलीत आपली सत्ता होती.)

जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे 14व्या शतकात वर्षातली सर्वांत मोठी रात्र 13 डिसेंबरच्या सुमारास येई. त्या रात्री भुतंखेतं हिंडतात, गोठ्यातली जनावरं बोलतात, असा स्वीडनच्या खेड्यापाड्यांत समज होता. 16व्या शतकात देश लूथरपंथी झाला, संतांची भक्ती मोडीत निघाली, तरी लुसिया टिकली. पांढऱ्या झग्यातल्या लुसियाची जुनी नोंद 1764 ची, तीही एका जमीनदाराच्या वाड्यातली. आज दिसते तशी तिची मिरवणूक देशभर पसरली ती 1927 नंतर, स्टॉकहोममधल्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यावर.

पहाटेच्या अंधारात एक मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून पुढे चालते, कमरेला लाल पट्टा. मागे पांढऱ्या झग्यातल्या मुली आणि उंच टोकदार टोप्या घातलेली मुलं. गाण्याची चाल इटलीतल्या नेपल्सची. मूळ शब्दांत संताची स्तुती नाहीच, समुद्रावरच्या नावेची सफर आहे. नंतर सगळे पिवळेजर्द गोड पाव खातात. त्यातल्या केशराला स्वीडिश लोक ‘सफ्रान’ म्हणतात. आपल्या बिर्याणीतलं जाफरान ते हेच. शब्द अरबीतून युरोपात गेला.

संत सिसिलीची, चाल नेपल्सची, मसाल्याचं नाव अरबी. तरीही 2016 च्या डिसेंबरात एका दुकानसाखळीने सावळ्या वर्णाचं मूल लुसियाच्या वेशात जाहिरातीत दाखवलं, तेव्हा ‘ही आमची लुसिया नाही’ म्हणत लोक तुटून पडले. इतकी घाणेरडी शेरेबाजी झाली की जाहिरात काढून घ्यावी लागली. आदल्याच वर्षी सुमारे 1,63,000 लोकांनी स्वीडनमध्ये आश्रय मागितला होता, त्यांत सिरिया, इराक, अफगाणिस्तानचे पुष्कळ; तो राग एका लेकरावर निघाला.

हा राग आपल्याला ओळखीचा आहे. गरब्याच्या मंडपाबाहेर आधार कार्ड तपासणारे याच जातकुळीतले. पण आपल्यातही तोच पहारा उलट बाजूने चालतोच ना? शेजारच्या डिसोझा काकूंच्या घरी केक खाल्ला म्हणून कुणाचा ईमान मोजायला बसणारे आपलेच भाईजान असतात.

अकीदा पातळ करा, असं मी म्हणत नाही. संतांची भक्ती आपल्या दीनमध्ये बसत नाही, यात शंका नाही. पण शेजाऱ्याला मुबारकबाद देणं म्हणजे भक्ती नव्हे. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हुसकलं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्याची मुभा सूरह मुमतहिनामध्ये स्पष्ट आहे. आणि स्टॉकहोममधल्या एखाद्या मुस्लिम मुलीला मुकुट घालायचा नसेल, तर तिला नुसतं बाकावर बसून बघता आलं पाहिजे. ती स्वीडिश आहे की नाही, याची परीक्षा त्या दिवशी का घ्यावी?