बाळाचा कोपरा: थोडक्या खर्चांत, घरच्या हातांनीं

घरांत नव्या बाळाची चाहूल लागली कीं, साऱ्या घराचें लक्ष एकाच गोष्टीकडे वळतें. आजी जुन्या पातळांच्या घड्या उलगडूं लागतात, आजोबा माळ्यावरच्या पाळण्याची चौकशी करतात, आत्याबाई कुंचीचें कापड निवडतात, आणि घरांतील चिमुकली मंडळी आपलीं मोडकीं खेळणीं उदार मनानें येणाऱ्या पाहुण्याच्या नांवें करून टाकतात. परंतु हल्लीं या गोड लगबगींत एक रुखरुख शिरूं लागली आहे. दुकानांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून बाळाच्या खोल्यांचीं चित्रें दिसतात: एकाच रंगांत नटलेल्या भिंती, उशांनीं भरलेला पलंग, झालरी, मखमलीचीं अस्वलें, छतावरून लोंबणारे ढग. आपण आपल्या बाळासाठीं कांहीं कमी तर करीत नाहीं ना, अशी शंका तरुण आईबापांच्या मनांत येते. ऐपतीबाहेर खर्च होतो. आणि आजींनीं शिवलेलें दुपटें कपाटाच्या तळाशीं जाऊन बसतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, बाळाचा कोपरा हा पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीं नसून बाळासाठीं असतो. आणि बाळाला जें खरोखर लागतें, तें बहुतेक आपल्या घरांतच असतें. मात्र जुनें तें सारेंच चांगलें, असेंही आम्ही म्हणणार नाहीं. वडीलधाऱ्यांच्या कांहीं गोष्टी आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर उत्तम उतरतात, तर कांहीं बाळाच्या जिवावर बेतण्याजोग्या आहेत. यांतील निवड नीट केली, तर पैसा वाचतो आणि बाळही सुखरूप राहतें.

स्वतंत्र खोली कशाला?

बाळासाठीं निराळी खोली सजविली पाहिजे, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत असें सांगितलें आहे कीं, निदान पहिले सहा महिने बाळानें आईबापांच्याच खोलींत, परंतु स्वतःच्या निराळ्या अंथरुणावर निजावें. आईच्या खाटेशेजारीं पाळणा, ही आपल्या घरांतील जुनीच व्यवस्था. ज्या कुटुंबांत खोल्या मोजक्या आणि माणसें पुष्कळ, त्यांनीं मुळींच कमीपणा मानूं नये. खिडकीचा थेट वारा व ऊन न लागणारा, स्वयंपाकघराच्या धुरापासून दूर असा एक कोपरा पुरे.

त्या कोपऱ्याच्या भिंतीस चुन्याचा हात द्यावा. तो स्वस्त पडतो आणि खोली उजळते. तैलरंगच द्यावयाचा असेल, तर बाळ घरीं येण्याच्या कांहीं आठवडे आधीं देऊन खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हां डबा घेतांना त्यावरील मजकूर वाचून घ्यावा. जुन्या लाकडावरील जुना रंग मात्र घरीं खरवडूं नये. त्यांत शिसें असल्यास त्याची धूळ उडते, आणि शिसें बाळाच्या मेंदूस कायमचा अपाय करतें. पणजोबांच्या वेळच्या पाळण्याच्या रंगाचे पोपडे निघत असतील, तर बारशाच्या दिवशीं घटकाभर त्यांत घालून नांव ठेवावें आणि रोजच्या निजण्यास दुसरी व्यवस्था करावी. परंपरेचाही मान राहतो आणि बाळही सुरक्षित राहतें.

गादी, उशी आणि झोप

सर्वांत महत्त्वाचा विषय हाच. पुष्कळ घरांत असा संवाद ऐकूं येतो:

“अग, राळ्याची उशी कोठें ठेवलीस? उशीवांचून बाळाचें डोकें चपटें व्हायचें!”

“पण आई, डॉक्टर उशी मुळींच नको म्हणाले आहेत.”

येथें आम्ही सूनबाईंच्या बाजूनें आहों, आणि आजीबाईंनीं रागावूं नये. पहिलें वर्षभर बाळाच्या अंथरुणांत उशी, तक्क्या, मऊ खेळणें, सुटें पांघरूण यांपैकीं कांहींही असूं नये. तान्ह्या बाळाचें नाक मऊ वस्तूंत दबलें, तर मान वळवून तें सोडवून घेण्याइतकें बळ त्याच्यांत नसतें. आणि तें रडतही नाहीं, म्हणून शेजारीं निजलेल्या आईलाही कळत नाहीं. बाळाला उताणें निजवावें. १९९४ सालीं अमेरिकेंत या एकाच गोष्टीच्या प्रचाराची मोठी मोहीम सुरू झाली, आणि पुढील कांहीं वर्षांत झोपेंत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांचें प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलें. पाळण्याच्या कडेनें लावावयाच्या मऊ गाद्या, ज्या चित्रांत इतक्या सुंदर दिसतात, त्यांच्या विक्रीवर त्या देशानें २०२२ सालीं कायद्यानेंच बंदी घातली. जी वस्तू तेथें विकतां येत नाहीं, तिच्यासाठीं आपण येथें पैसे कां मोजावे?

मग डोक्याच्या आकाराचें काय? त्यास उपाय आहे. बाळ जागें असतांना, कोणी तरी समोर बसून, त्यास रोज थोडा थोडा वेळ पालथें ठेवावें. पुष्कळ वेळ कडेवर घ्यावें. निजवितांना एके दिवशीं डोकें एका बाजूस वळवावें, तर दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या बाजूस. एकत्र कुटुंबांत कडेवर घेणाऱ्यांची वाण कधींच पडत नाहीं.

झोळीविषयींही दोन शब्द. पातळाच्या झोळींत बाळ पटकन निजतें खरें. परंतु तिच्या खोलगट आकारानें हनुवटी छातीस टेकते आणि श्वासनलिका दुमडण्याचा संभव असतो. यास्तव झोप सपाट तळाच्या पाळण्यांत किंवा जमिनीवरील सपाट गादीवर असावी. गादी कापसाचीच, परंतु पिंजाऱ्याकडून घट्ट भरून घेतलेली असावी; हातानें दाबली असतां खड्डा पडूं नये. गादी आणि पाळण्याची कड यांमध्यें दोन बोटांहून अधिक फट राहूं नये. कुंची, टोपरें व बंद असलेलीं वस्त्रें निजण्यापूर्वीं काढावीं. गळ्यांतील काळा दोराही निजतांना नको. दृष्टीसाठीं हवाच असेल, तर पायास बांधावा, आणि तोही सैल होऊन तोंडांत जाणार नाहीं असा.

नऊवारी पातळाचीं दुपटीं

आतां आजीबाईंच्या विजयाकडे येऊं. बाळास जुनें, पुष्कळदां धुतलेलें सुती कापड वापरावें, हा आपला रिवाज फार शहाणपणाचा आहे. नव्या कापडांत खळ असते, रंग कच्चा असतो. जुन्या पातळांतून हे दोन्ही केव्हांच धुऊन गेलेले असतात.

नऊवारी पातळाचे वारभर लांबीचे, म्हणजे सुमारें ९१ सें.मी.चे, नऊ तुकडे होतात. तीन तुकड्यांचा एक थर धरला, तर एका पातळांतून तीन दुपटीं निघतात. विरलेले तुकडे मधल्या थरांत घालावे, पदर व चांगले तुकडे वर-खालीं ठेवावे. काठांस जर असल्यास ती आधीं उसवून काढावी. ती बाळाच्या कातडीस बोचते. तुकडे उकळत्या पाण्यांतून काढून कडक उन्हांत वाळवावे, चौफेर दुमडून टांके घालावे आणि मग बाहेरून आंत चौकोनी फेऱ्यांनीं धावदोरा भरीत जावें. टांका बारीक असावा. लांब टांक्यांत बाळाचें बोट अडकतें, आणि सुटा दोरा पायाच्या बोटाला वेटाळला तर बोटाचा रक्तपुरवठाच बंद होतो. म्हणून प्रत्येक गांठ आंतल्या थरांत दडवावी. वरच्या थरावर थोरल्या भावंडांच्या जुन्या परकर-सदऱ्यांचे चौकोन जोडले, तर दुपट्यालाच घराचा इतिहास लाभतो.

हीं दुपटीं झोपेंत अंगावर घालावयाचीं नाहींत, हें ध्यानांत असावें. जमिनीवर खेळविण्यास, तेल लावण्यास, कडेवर घेतांना गुंडाळण्यास तीं उत्तम. रात्रीं थंडी असल्यास बाळाच्या अंगांत एक झबलें अधिक घालावें.

कित्येक घरांत बाळ जन्मण्यापूर्वीं तयारी करूं नये, असा संकेत पाळतात. त्यांनीं भिंतीस चुना देणें, पातळें धुऊन ठेवणें, पाळण्याची दुरुस्ती करणें एवढेंच आधीं करावें. शिवणकाम बारशाच्या सुमारास आत्या-मावशांनीं वांटून घ्यावें.

बाळाचीं पहिलीं चित्रें

दुकानांतील फिकट गुलाबी-निळीं चित्रें बाळाला फारशीं दिसतच नाहींत! नवजात बाळाची दृष्टि सुमारें २० ते ३० सें.मी. अंतरावर, म्हणजे मांडीवर घेतलें असतां आईचा चेहरा जेथें येतो तेथपर्यंतच, त्यांतल्या त्यांत स्पष्ट असते. फिक्या रंगांतील भेद त्यास पहिले कांहीं आठवडे कळत नाहींत. ठळक काळें-पांढरें मात्र त्याचें लक्ष वेधून घेतें. तान्हीं मुलें साध्या रंगाच्या पाटीपेक्षां नक्षीकडे आणि चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहतात, हें रॉबर्ट फांट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत दाखविलें.

ठळक नक्षीची वाण आपल्या घरांत कोठें आहे? अंगणांतील रांगोळी, गेरूवरील पांढरीं गोपद्में, वारली बांधवांचीं तांदळाच्या पिठानें काढलेलीं भिंतीवरचीं चित्रें, हीं सारीं गडद पाठीवर पांढऱ्या रेषांचीं. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद चिकटवून वीतभर चौरस पुठ्ठे करावे. एकावर बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें, एकावर वर्तुळांत वर्तुळ, एकावर चंद्र-सूर्य, एकावर मासोळी, अशीं बोटभर जाडीच्या रेषांनीं काळ्या शाईंत चित्रें काढावीं. घरांतील शाळकरी मुलांस हें काम अवश्य द्यावें. नव्या भावंडाविषयींचा मत्सर त्यानें कमी होतो. बाळ जागें असतांना त्याच्या बाजूस वीतभरावर पुठ्ठा धरावा आणि आठवड्यानें बदलावा. दोन-तीन महिन्यांनीं तांबडा रंग आणावा, मग इतर. कांच, टाचण्या व खिळे बाळाच्या हाताजवळ वापरूं नयेत. पुठ्ठा भिंतीस कणकेच्या खळीनें चिकटवावा.

चिमणाळें

पाळण्यावर टांगावयाच्या चिमण्यांचें चिमणाळें चिंध्यांतून सहज होतें. तळहाताएवढे त्रिकोणी तुकडे शिवून आंत कापूस भरावा, चोंच व डोळे दोऱ्यानेंच काढावे. मणी, टिकल्या, आरसे लावूं नयेत. टांका सुटला कीं ते थेट बाळाच्या तोंडावर पडतात. बाळ चिमणी खालून पाहतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं; म्हणून नक्षी चिमणीच्या पाठीवर न काढतां पोटावर काढावी. कशिद्याच्या जुन्या कड्यास पांच चिमण्या बांधून तें बाळाच्या हातास लागणार नाहीं इतक्या उंचीवर टांगावें. दोऱ्या आंखूड, २२ सें.मी.हून कमी असाव्यात. बाळ हातांवर उठूं लागलें, किंवा पांच महिन्यांचें झालें, कीं चिमणाळें काढून टाकावें.

खुळखुळ्यांत गुंजा कधींही भरूं नयेत; तें बीं अत्यंत विषारी आहे. ३१.७ मि.मी. व्यासाच्या नळींत जी वस्तू पूर्णपणें मावते ती लहान मुलाच्या घशांत अडकूं शकते, असें खेळण्यांचें मानक सांगतें. शिंपले, बिया व खडे यांपासून शिकविण्याचीं साधनें करण्याचा जो धडा ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व पुढें कोसबाडास घालून दिला, तो आपल्या घरींही गिरवावा. परंतु मूल वस्तू तोंडांत घालण्याचें वय ओलांडल्यावर. विकतचें खेळणें घेतांना आय.एस.आय.ची खूण पाहावी. ती १ जानेवारी २०२१ पासून आवश्यक झाली आहे.

पैसा कोठें खर्चावा?

इतकी बचत झाल्यावर तीन ठिकाणीं हात आंखडूं नये: पाळण्याची कडी, त्याच्या दोऱ्या किंवा सांखळ्या, आणि गादी. कडी सुताराकडून तुळईंत पक्की बसवून घ्यावी. आजोबांनीं तींत धान्याचें भरलेलें पोतें टांगून रात्रभर ठेवावें, आणि पुढें दर पंधरवड्यास दोऱ्या तपासण्याचें काम आपल्याकडे घ्यावें. बाळ कुशीवर वळूं लागलें, कीं टांगता पाळणा बंद करून अंथरूण जमिनीवर आणावें.

बाळंतविड्यांत काय द्यावें, असें ज्यांच्या मनांत असेल त्यांनीं एक हातशिवणीचें दुपटें, सहा पुठ्ठ्यांचा संच आणि घट्ट गादीसाठीं थोडी रक्कम द्यावी. मखमलीच्या अस्वलापेक्षां हा आहेर तरुण आईच्या अधिक उपयोगीं पडेल. रांगत्या बाळासाठीं घर कसें आवरावें, याचा विचार पुढील अंकीं करूं.