हुन निघून गेला, पो मागे राहिला

अठराव्या शतकातल्या चीनमध्ये युआन मेइ नावाचा लेखक होता. ज्या विषयांवर कन्फ्यूशियस बोलायचं टाळत असे, ते भुताखेतांचे विषय त्याने हौसेने जमवले. त्याच्या संग्रहात नानचांगच्या दोन मित्रांची गोष्ट आहे. एक वयाने मोठा, दुसरा तरुण. दोघं एका मंदिरात राहून अभ्यास करत. मोठा घरी गेला आणि अचानक वारला. धाकट्याला पत्ताच नाही. एका रात्री मोठा त्याच्या बिछान्याशी येऊन बसला आणि म्हणाला, मी मेलोय, पण निरोप घेतल्याशिवाय जाववलं नाही. म्हातारी आई आहे, तरुण बायको आहे, त्यांच्याकडे बघ. माझं लिखाण छापून घे. कुंचलेवाल्याची उधारी राहिली आहे, तेवढी फेड. धाकट्याने सगळं कबूल केलं. मेलेला उठला, निघतो म्हणाला. धाकटा रडत म्हणाला, थोडं थांब. तो थांबला, दोन शब्द बोलला, पुन्हा उठला. आणि मग गेलाच नाही. नुसता उभा राहून टक लावून बघत राहिला. चेहरा हळूहळू बिघडत गेला. धाकटा घाबरून पळाला, तर प्रेत मागे धावलं.

गोष्टीतला खुलासा असा: माणसात दोन आत्मे असतात. हुन शहाणा आणि भला, पो जड आणि दुष्ट. हुन होता तोवर तो मित्र होता. कामं सांगून झाली, हुन विरून गेला, पो तेवढा शरीरात राहिला.

भीतीबद्दल याहून खोल काही मी क्वचितच वाचलं आहे. म्हणूनच याच कल्पनेवर रचलेल्या ‘किंड्रेड ऑफ द ईस्ट’ या पुस्तकाबद्दल मला आजही मनापासून लिहावंसं वाटतं. अमेरिकेतल्या व्हाइट वुल्फ या प्रकाशनाने 1998 साली ते काढलं. ‘व्हँपायर: द मास्करेड’ हा त्यांचा 1991 चा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम. एक जण कथा चालवतो, बाकीचे एकेक पिशाच होतात, दहा बाजूंचे फासे टाकून पुढचं ठरतं. मूळ खेळातलं पिशाच युरोपीय घडणीचं. कोणीतरी रक्त पितं, आपलं रक्त पाजतं, आणि तुम्ही त्याच्या कुळात जाता. पूर्व आशियावरच्या या पुस्तकाने चावाच काढून टाकला. इथलं पिशाच, म्हणजे क्वे-जिन, कोणाच्या दातांनी होत नाही. तो मेलेला असतो, पापांसाठी नरकात गेलेला असतो, आणि तिथून धडपडत आपल्याच देहात परत येतो. म्हणजे दोष दुसऱ्या कोणावर ढकलायची सोयच उरत नाही.

मग हुन आणि पो दोघंही पात्राच्या नोंदीत आकड्यांनी मांडलेले असतात. पोला स्वतःचा स्वभाव असतो, आणि संधी मिळाली की तो देहाचा ताबा घेतो. भुकेचीही चढण आहे. नुकताच उठलेला मांस खातो. थोडं शहाणपण आलं की रक्तावर भागतं. पुढे श्वासातून ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, ओढता येते, आणि फार वर चढलेल्यांना जमिनीतून वाहणारी शक्ती पुरते. माणसाला इजा न करता जगता येणं हेच इथलं सामर्थ्य. शत्रू मारून बळ वाढवायच्या खेळांची सवय असलेल्याला हा नियम थबकवतो. या खेळांवर मी या सदरात बराच काळ लिहितो आहे, आणि इतकी नैतिक जाण असलेली रचना मला फार थोड्या पुस्तकांत भेटली.

आमच्या टेबलावर आम्ही एक नियम वरून घातला. पात्र बनवताना प्रत्येकाने तीन राहिलेली कामं लिहायची: देणं, वचन, माफी, काहीही. एकेक पुरं झालं की हुन एकाने कमी. खेळणारे कामं टाळायला लागतात. बहिणीची भेट लांबवतात, पैसे खिशात असून देत नाहीत, कारण शेवटचं काम झालं की उरणार कोण हे त्यांना माहीत असतं. पुस्तकात हा नियम नाही. पण त्याला लागणारं सगळं सामान पुस्तकानेच दिलं आहे.

इतकं हाती असून लेखकांनी नकाशा मात्र सरधोपट केला. चीनच्या चिंग राजवटीतल्या गोष्टींतला ताठ देहाचा जियांगशी, जो 1985 च्या ‘मिस्टर व्हँपायर’ या हाँगकाँगच्या चित्रपटामुळे जगभर पोचला, तो ओळखला जातो श्वास रोखून लपणाऱ्या माणसांमुळे, कपाळावरच्या पिवळ्या कागदामुळे, चिकट तांदळामुळे. जपानचं योमी 712 सालच्या ‘कोजिकी’त येतं ते काळोख्या, कुजत्या मृतलोकाच्या रूपात, पापाची शिक्षा देणारा नरक तिथे बौद्ध धर्मासोबत आला. खेळात योमी हे सगळ्या आशियाच्या हजार नरकांचं नाव होऊन बसतं, आणि चीन, कोरिया, जपान, आग्नेय आशिया एकाच पुरातन व्यवस्थेचे दरबार ठरतात. फिलिपिन्समध्ये रात्री कमरेपासून तुटून उडणारी मनानांगल कोणत्याही सम्राटाची प्रजा नव्हती. आपल्याकडे आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो ही श्रद्धा आहे. त्याला बंगालच्या शाकचुन्नी या हडळीबरोबर एका मंत्रिमंडळात बसवलं तर दोघांचंही गाव हरवतं, आणि गावाशिवाय त्यांच्यात भिण्यासारखं किंवा हात जोडण्यासारखं काय उरतं?

याहून मला खुपतं ते वेगळंच. ‘व्हँपायर’च्या पुस्तकमालिकेत क्वे-जिन पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियावर चाल करून येतात आणि पश्चिम किनाऱ्यावर आपलं राज्य उभं करतात. 2004 च्या ‘ब्लडलाइन्स’ या संगणक-खेळातही लॉस एंजेलिसच्या चायनाटाऊनमध्ये त्यांची मिंग शिआओ कारस्थानं रचताना दिसते. याच अमेरिकेने 1882 साली चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला आणि तो 1943 पर्यंत ठेवला. त्या कायद्यामागची भीती नेमकी हीच होती: गर्दीने येतील, आतून पोखरतील, किनारा घेतील. भयकथेने समाजाच्या भीतीकडे बोट दाखवावं. इथे ती भीतीच खरी धरून तिच्यावर कथानक चढवलं आहे, आणि खेळणाऱ्याला बहुतेक वेळा बचाव करणाऱ्यांच्या बाजूला बसवलं आहे.

भारतीय उपखंडाच्या वाट्याला तर फक्त रणांगण आलं. 1999 च्या कथानकात एक महाप्राचीन पिशाच बांगलादेशात जागं होतं, तीन क्वे-जिन महात्मे त्याच्याशी झुंजतात आणि शेवटी अण्वस्त्रं वापरली जातात. तिथे राहणाऱ्या माणसांना या गोष्टीत नाव नाही. पूर आणि युद्ध दोन्ही भोगलेल्या देशाला महायुद्धाची रिकामी जागा म्हणून वापरणं मला क्रूर वाटतं.

वाचकांपैकी काही तरुण मित्र म्हणतात की जुनं पुस्तक आहे, तेव्हा असंच लिहीत. ते मला पटत नाही. हुन-पोची रचना करणाऱ्यांनी मूळ गोष्टी वाचल्या होत्या हे पानोपानी कळतं. वाचूनही त्यांनी सोपा नकाशा निवडला.

गावाला धरून राहिलेली भयकथा काय करू शकते हे तैवानच्या ‘डिटेन्शन’ या 2017 च्या संगणक-खेळाने दाखवलं. एक डोंगरातली शाळा, 1960 च्या दशकातला लष्करी कायदा, बंदी घातलेली पुस्तकं गुपचूप वाचणारी मुलं, आणि कोणीतरी केलेली चुगली. भुतं तिथल्या लोकश्रद्धेतली आहेत, पण त्यांना जागं करणारं पाप त्या शाळेतलं, त्या वर्षांतलं आहे. ते दुसऱ्या देशात उचलून नेताच येणार नाही.

व्हाइट वुल्फ 2015 पासून पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीकडे आहे. 2018 साली चेचन्यातल्या समलिंगी माणसांच्या खऱ्या छळाला पिशाचांच्या डावपेचाचा बुरखा म्हणून वापरल्याबद्दल तिला माफी मागावी लागली आणि व्हाइट वुल्फचं स्वतंत्र कामकाज तिने बंद केलं. क्वे-जिन पुन्हा छापायचे असतील तर कंपनीने आशियाचं एक जाड पुस्तक काढू नये. पातळ पुस्तकं काढावीत, एका शहराचं एक: तैपेई, मनिला, सोल, ढाका. लिहिणारे त्या त्या शहरातले घ्यावेत. हुन आणि पोचे नियम चिनी शहरांच्या पुस्तकांत राहू द्यावेत, मनिलाला तिची मनानांगल द्यावी, ढाक्याला माणसं द्यावीत, आणि कॅलिफोर्नियावरची स्वारी गाळून टाकावी.