मांडवापासून सहीपर्यंत



काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंकही येऊ लागला. यंदाच्या आमच्या अंकाचा विषय आहे ठरवून केलेलं लग्न आणि ते सांगणारी कुटुंबाची मोठी कादंबरी. तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी स्थळांची बोलणी सुरू होतील. त्याआधी या विषयावर मोकळेपणानं बोलावं, असं मनापासून वाटलं.

घरात कोणाचं चालतं, हे लग्न ठरताना उघड होतं. कोणाला विचारलं, कोणाला नुसतं कळवलं आणि कोणाला तेही नाही, यावरून त्या घराची आणि त्या काळाची पारख होते. मुंबईत रखमाबाईंनी लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८७ मध्ये कोर्टानं ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात’ असा हुकूम केला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. याच धामधुमीत, १८९० पासून, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली. तिची नायिका यमू हिला तिच्या लग्नाबद्दल कोणी विचारलं नाही, वैधव्यानंतर केशवपनाबद्दलही नाही. पण हरिभाऊंनी सगळी कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. घरानं तिला जे दिलं नव्हतं, ते कादंबरीनं दिलं.

शंभरेक वर्षांनी, १९९३ मध्ये, विक्रम सेठ यांची ‘अ सुटेबल बॉय’ ही कादंबरी आली. पहिली सार्वत्रिक निवडणूक, जमीनदारी रद्द करण्याचा कायदा आणि लतासाठी आईनं चालवलेली वरसंशोधनाची धडपड, हे सगळं तेराशेहून अधिक पानांत एकत्र नांदतं. स्थळं आई शोधते, पण शेवटचा होकार लताचा असतो. जमिनीचा कायदा आणि मुलीचं लग्न एकाच कादंबरीत यावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्येही (१९८७) घराण्याच्या चार पिढ्यांची गोष्ट खोतीच्या चढउताराशिवाय सांगताच येत नाही.

जमीन आणि लग्न यांचं हे नातं आमच्या वसईतल्या वटारच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वाडी, विहीर, बावखल म्हणजे वाडीतलं तळं पाहून इथे मुली दिल्या गेल्या. सून आली ती वाडीत राबायला. फुलं, पानं, भाजी घेऊन पहाटेच्या गाडीनं दादर गाठणाऱ्या बायकांनी या पट्ट्यातली घरं उभी केली. १९९० च्या सुमारास बिल्डरांसाठी जमिनी मोकळ्या होऊ लागल्या, हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, विहिरींचं पाणी टँकरनं जाऊ लागलं. गुंठ्याचा भाव चढला आणि सासरी गेलेल्या मुलींची माहेरी नव्यानं आठवण निघू लागली.

१९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं वाटेकरी झाली. ख्रिस्ती घरांना लागू असलेला १९२५ चा कायदा तर मुलगा-मुलगी भेदच करत नाही. तरीही काय होतं, ते आपण सगळे पाहतो. आत्याला गाडी पाठवून आणतात. वकिलानं हक्कसोडपत्र तयार ठेवलेलं असतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, मग पानोपान सह्या. कागदावर काय लिहिलंय, हे तिला कोणी वाचून दाखवत नाही. “तुझ्या लग्नात केलंच की सगळं,” एवढं एक वाक्य पुरतं. मांडवात झालेला खर्च तीस वर्षांनी तिचा वाटा म्हणून मोजला जातो. माहेरचं दार बंद होऊ नये म्हणून ती सही करते, आणि घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

लग्नाची कादंबरी मंगलाष्टकांपाशी किंवा चर्चच्या दारात थांबू नये, असं मी म्हणतो ते यासाठी. ती या कार्यालयापर्यंत गेली पाहिजे.

बदल दुसऱ्या बाजूनंही आला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. गर्भातच नाकारलेल्या मुलींचा हिशेब त्यात आहे, आणि शेतावरचं घर नको म्हणणाऱ्या शिकलेल्या मुलींचा नकारही. आज मुलगी विचारते, हे चांगलंच झालं. पण वाडी करणाऱ्या मुलाचं दुःखही खरं आहे. मोठ्या कादंबरीत दोघांनाही जागा असते.

शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत गेले. या मातीतला माणूस मराठीत किती दूरवर पोहोचतो, हे आपण पाहिलं आहे. बावखलापासून टॉवरपर्यंतच्या चार पिढ्या, एकाच गावातली हिंदू आणि ख्रिस्ती घरं, कादोडी आणि वाडवळी बोलणारी माणसं, एवढा ऐवज आपल्यापाशी आहे. वाचकांनी आपल्या घरातली लग्नं कशी ठरली, कोणाला विचारलं आणि पुढे कोणी सही केली, हे आम्हाला जरूर लिहून पाठवावं. त्यातूनच कोणीतरी कादंबरीला हात घालावा. आणि तो हात त्या आत्याचाच असेल, तर आम्हाला सर्वांत जास्त आनंद होईल.

— संपादक